एक इकडे, एक तिकडे

"वाफवलेलं?" मी हॉटेलच्या दारातच थांबले. "अगं, वाफवलेलं मी तीस वर्षं पेशंटांना खायला घातलंय. तेच खायला सोलापूरहून पुण्याला यायचं?"

"आई, आत चल ना. लोक बघताहेत," उत्पला म्हणाली.

"बघू देत की. मीपण बघायलाच आलेय."

खरं सांगायचं तर माझा राग त्या हॉटेलवर नव्हताच. कल्याणीनगरात होतं ते. काचेचं दार, वर लाल कंदील टांगलेले. चिनी दिमसम खायला घालणारी असली हॉटेलं पुण्यात तेव्हा नवीनच होती. माझा राग होता तो निनादच्या आईच्या एका निरोपावर. निनादनं आणि उत्पलानं लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मी सरळ म्हटलं होतं, मुलाच्या घरी जाऊन माणसं बघते. त्यावर घैसासबाईंचा निरोप आला, घरी नको, बाहेरच कुठंतरी जेवायला भेटू. घरी का नको? घर रंगवायला काढलंय? कुणी आजारी आहे? कारण काहीच नाही, नुसतं 'घरी नको'.

आम्ही सोलापूरचे सरवदे, बौद्ध. ते कोथरूडचे घैसास, कोकणस्थ ब्राह्मण. त्या 'घरी नको'चा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उत्पला माझी एकुलती एक. ती कॉलेजात असतानाच तिचे वडील गेले. मी नर्सची नोकरी करत, लोकांच्या घरी इंजेक्शनं द्यायला जात तिला आर्किटेक्ट केली. नवरा निवडायची अक्कल तिला आहे, हे मला कबूल होतं. पण नवऱ्याबरोबर त्याचं घर येतं, आणि ते मी बघणार होते. गाडीत येताना मी तिला विचारलं, "मला तिथं काही खटकलं तर मी जेवणावरून उठणार. तू काय करशील?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "मीही उठेन. पण आई, उगाच उठू नकोस. मला निनाद हवाय."

"उगाच मी आजवर कधी उठले नाही," मी म्हणाले.

आत घैसास मंडळी आधीच येऊन बसली होती. मोठं गोल टेबल, आणि त्याच्या मधोमध हातानं फिरवायची काचेची तबकडी. आम्हाला बघून तिघंही उभे राहिले. निनादचे वडील गोरेपान, टक्कल पडलेले, हसरे. आई किरकोळ, कडक इस्तरीची सुती साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. निनाद उत्पलाशेजारची खुर्ची ओढायला लागला तशी त्याची आई म्हणाली, "तू इकडे ये रे, आमच्यात बस." तो गेला. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला ते तिघं आणि समोर आम्ही दोघी.

मी मनात म्हटलं, रत्नमाला, लक्ष ठेव.

"दिमसम कधी खाल्लंय का तुम्ही?" घैसासांनी विचारलं.

"नाही. आणि खायची हौसही नव्हती."

"काकू स्पष्ट बोलतात हं बाबा," निनाद घाईघाईनं म्हणाला.

"बोलू देत की! मलाही आधी असंच वाटलं होतं." घैसास खूश झाले. कंपनीच्या कामानं ते हाँगकाँगला राहून आले होते, आणि ते सांगायची संधी त्यांना बऱ्याच दिवसांनी मिळाली असावी. "त्यांच्याकडे काय करतात, सगळं घर रविवारी एका टेबलाभोवती बसतं. टोपल्या मधे ठेवायच्या, टेबल फिरवायचं, ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं. आणि दिमसम या शब्दाचा अर्थ माहितेय? काळजाला हात लावणं!"

"काळजाचं मागाहून बघू," मी म्हटलं. "आधी हात लागू देत."

घैसास मोकळेपणी हसले. त्यांना त्यात काही टोचलं नाही. बाईंना मात्र टोचलं. त्यांनी नजर खाली घातली आणि पदर सारखा केला.

निनादनं चहा ओतला. बिनकानाच्या इवल्याशा कपांत पिवळसर पाणी, त्याला मोगऱ्याचा वास. "यात दूध नाही, साखर नाही. हा चहा आहे का पोटदुखीवरचा काढा?" मी म्हणाले. उत्पलानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"तुम्ही नॉनव्हेज घेत असाल तर खुशाल मागवा हं," घैसास मेन्यूकार्ड माझ्याकडे देत म्हणाले. "आमचं काही नाही."

"नको. आज सगळ्यांना एकच मागवा. व्हेज."

"अहो, संकोच करू नका."

"संकोच कसला? मटण मी भरपूर खाते. पण आज सगळ्यांचं एकच."

उत्पलानं माझ्याकडे वळून बघितलं. घरी कोंबडी नसेल तर रविवार कसला, असं म्हणणारी बाई मी. पण मला त्या टेबलावर कुणाला काही निमित्त ठेवायचं नव्हतं. 'त्यांचं नॉनव्हेज होतं ना, म्हणून वेगळं ठेवलं', असं नंतर कुणी म्हणायला नको.

ऑर्डर घ्यायला काळ्या कोटातला कॅप्टन आला. निनादनं नावं सांगितली. कोबी-गाजराचं एक, मश्रूमचं एक, मक्याचं एक आणि एक वाफवलेला पांढरा पाव. कॅप्टन निघाला, तेवढ्यात घैसासबाई पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलल्या.

"ऐका, सगळ्याच्या दोन-दोन टोपल्या आणा. एक इकडे, एक तिकडे."

"मॅडम, टेबल फिरतं आहे," कॅप्टन म्हणाला. "एकेक आणतो, म्हणजे गरम खाता येईल. संपली की दुसरी."

"नको. दोन-दोनच आणा."

"अगं, एवढं कोण खाणार?" घैसास म्हणाले.

"असू दे. कुणाला कमी पडायला नको."

कुणाला कमी पडायला नको! किती छान वाक्य. त्यात बोट ठेवायला जागा नाही. मी असली वाक्यं जन्मभर ऐकलीत. 'तुम्ही दमला असाल, बाहेर हवेशीर बसा.' 'आत अंधार आहे, इथंच बसा ना ओट्यावर.' माणसं फार प्रेमळ शब्दांत आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवतात.

टोपल्या आल्या. बांबूच्या, झाकणाच्या, एकसारख्या. एक तिकडे, एक इकडे. झाकण काढल्यावर वाफ निघाली आणि आत पातळ पिठाच्या पुड्या, आतलं गाजर बाहेरून दिसेल अशा. निनादनं काड्या कशा धरायच्या ते मला दाखवलं. मी प्रयत्न केला. पुडी सुटली, तिखट चटणीत पडली आणि माझ्या चांगल्या साडीवर शिंतोडे उडवून गेली.

"टाके काढायचा चिमटा बरा याच्यापेक्षा," मी म्हणाले, काड्या बाजूला ठेवल्या आणि सरळ हातानं उचलून तोंडात टाकली.

आता कबूल करते, चव चांगली होती. आल्याचा ठसका होता, कोबी कच्चट नव्हता, आणि ते वरचं पीठ लोण्यासारखं तोंडात विरघळलं. पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"कसं वाटलं?" घैसासांनी उत्सुकतेनं विचारलं.

"मीठ घातलंय. पेशंटांच्यापेक्षा बरं आहे."

मी दुसरी खाल्ली. तिसरीही खाल्ली. उत्पला गालातल्या गालात हसत होती. वातावरण जरा सैल झालं. घैसासांनी मला सिव्हिल हॉस्पिटलमधल्या दिवसांबद्दल विचारलं, मी एक-दोन डॉक्टरांच्या गमती सांगितल्या, निनाद ठसका लागेपर्यंत हसला. क्षणभर मलाही वाटून गेलं, रत्नमाला, तू उगाच पोलीस होऊन बसलीयेस.

घैसासबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या पुढ्यातल्या टोपलीतलं त्यांनी एकच खाल्लं होतं, आणि त्यांचा डावा हात सगळा वेळ काचेच्या तबकडीवर होता. पालथा, सपाट. वही उडू नये म्हणून आपण ठेवतो तसा.

मश्रूमचं उत्पलाला फार आवडलं. आमची टोपली तिनं रिकामी केली.

"आमच्यात आहेत अजून," निनाद म्हणाला. "फिरव."

उत्पलानं तबकडीला हात लावला. ती हलली नाही. तिनं जरा जोर लावला, तरी हलली नाही.

"अडकलं का काय?" घैसास वाकून बघायला लागले.

"अडकलं नाही," मी म्हणाले. "धरलंय."

सगळ्यांची नजर त्या हातावर गेली. बाईंनी हात काढला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"आई?" निनाद म्हणाला.

"ते फिरलं की मला गरगरतं रे. चक्कर आल्यासारखं होतं."

"चक्कर येतेय?" मी उठले. "मग बघू द्या."

टेबलाला वळसा घालून मी त्यांच्या शेजारी गेले आणि तबकडीवरचा त्यांचा हात उचलून मनगट धरलं. नाडीवर बोटं ठेवली. इतक्या वर्षांच्या सवयीचं काम, त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. हॉटेलात पलीकडच्या टेबलांवर लोक बघायला लागले होते. बघू देत.

त्यांना चक्कर नव्हती. नाडी धावत होती. ऑपरेशनला नेताना पेशंटची धावते तशी. मी भांडायच्या तयारीनं आले होते, पण ही बाई मला तुच्छ लेखत नव्हती. ही घाबरली होती.

"घैसासबाई," मी हळू आवाजात विचारलं, "कुणाला घाबरताय?"

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. डोळे मात्र भरून आले.

"माईंना," त्या म्हणाल्या.

माई म्हणजे त्यांच्या सासूबाई. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, हे उत्पलाकडून मी ऐकलं होतं. बाई बोलायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. "त्यांनी लग्नाला होकार दिलाय. मीच मिळवलाय तो, महिनाभर मागं लागून. पण त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मुलगी घरात येऊ दे म्हणाल्या, ती आपली होईल. तिच्या माणसांशी जेवणखाण नको. त्यांना घरी जेवायला बोलवायचं नाही, त्यांच्याकडे जेवायचं नाही, त्यांच्याबरोबर एका पानात, एका भांड्यातलं खायचं नाही. आज परत गेल्यावर विचारणार आहेत मला."

"आणि आईला खोटं बोलता येत नाही," निनाद म्हणाला. "लगेच चेहऱ्यावर दिसतं तिच्या. आई, हे तू मला बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तू घर सोडून गेला असतास. मला लग्न व्हायला हवं होतं रे. म्हणून म्हटलं दोन-दोन टोपल्या घेऊ. म्हणजे सगळे एकत्र जेवलो असंही होईल आणि माईंना दिलेला शब्दही राहील."

घैसास नुसते टक्कल पुसत बसले. त्यांना माहीत होतं का नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी बाईंचं मनगट सोडलं.

"म्हणजे बेटी चालते, रोटी चालत नाही," मी म्हणाले. "घैसासबाई, मी सोलापुरात घरोघरी इंजेक्शनं द्यायला जात होते. तुमच्यासारखीच चांगली माणसं होती ती. माझा हात त्यांच्या दंडाला चालायचा. मुलाला ताप आला की रात्री-अपरात्री मीच चालायची. चहा मात्र मोरीजवळच्या वेगळ्या कपात. तो कप मी कधी तोंडाला लावला नाही. तहान नाही म्हणून सांगायची आणि घरी येऊन माठातलं पाणी प्यायची. तेव्हा माझी मुलगी शिकत होती, काम सोडून चालण्यासारखं नव्हतं. आज मला कुणाकडून काही नको आहे."

"तुमचा अपमान करायचा नव्हता हो मला."

"माहितेय. तुम्ही माझ्या मुलीसाठी दार उघडलंत, आणि त्याच दारानं मला बाहेर ठेवलंत. उद्या हिला मूल झालं तर मी त्याला जवळ घ्यायचं का नाही? का आधी आंघोळ घालून मग तुमच्या माई घेणार त्याला?"

मी माझ्या खुर्चीकडे गेले आणि पर्स उचलली. उत्पलाकडे मी बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, बघायचं धाडस झालं नाही. तिला निनाद हवा होता, आणि त्याचा यात काही दोष नव्हता. ती बसून राहिली असती तर मी तिला काय बोलणार होते?

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उत्पला उभी होती.

"निनाद," ती म्हणाली, "मी आईशिवाय कुठल्याच घरात येणार नाही. मला वाटलं होतं हे तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," निनाद म्हणाला आणि तोही उठला.

आम्ही तिघं उभे आणि ते दोघं बसलेले. टेबलावर टोपल्या तशाच, वाफ केव्हाच विरलेली. मी वळले. दोन पावलं गेले असेन, मागून काचेचा घरघर आवाज आला.

घैसासबाईंनी तबकडी फिरवली होती. दोन्ही हातांनी फिरवत होत्या, एवढ्या जोरानं की चटणीची वाटी कलंडली. आमची कोबी-गाजराची टोपली फिरून त्यांच्या समोर आली. तीच, जिच्यात मी हात घालून खाल्लं होतं. तिच्यात एक पुडी उरली होती, गार झालेली, माझ्या बोटांचा ठसा उमटलेली. त्यांनी काड्या घेतल्या नाहीत. माझ्यासारखीच हातानं उचलली आणि पूर्ण तोंडात टाकली. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आल्याचा ठसका तेवढा काही जबर नव्हता.

गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला विचारलं तर काय सांगणार मी? मला खोटं बोलता येत नाही."

"वासंती," घैसास म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही आजवर बसलातच आहात." त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "बसा ना तुम्ही. पाव यायचाय अजून."

माझा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. एका घासानं जाणारा राग नव्हता तो. पण नाडी मी बघितली होती. एवढ्या भीतीत माणूस हात उचलतो, तेव्हा त्याला किती जोर लागतो ते मला ठाऊक होतं. मी बसले. निनाद आता उत्पलाशेजारी येऊन बसला. पावाच्या टोपल्या दोन आल्या, बाईंनी एकच ठेवून घेतली. सगळ्यांनी त्यातलाच खाल्ला.

"माईंना कधी सांगणार?" हात धुवून आल्यावर मी विचारलं.

"बघते. संध्याकाळी, जरा निवांत…"

"निवांत झालं की धीर जातो. आत्ता चला. मीपण येते."

"आत्ता? घरी?"

"घरीच. जिथं नको होतं तिथंच."

उत्पलानं मला अडवलं नाही. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढा."

कोथरूडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये बाईंनी माझा हात धरला. पुन्हा नाडी बघायची गरज नव्हती, ती मला तशीच कळत होती. दार त्यांनी स्वतःच्या किल्लीनं उघडलं. समोरच्या आरामखुर्चीत माई टीव्ही बघत बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, जाड भिंगाचा चष्मा, ताठ पाठ. आम्हाला बघून त्यांनी टीव्ही बंद केला.

"जेवणं झाली?" त्यांनी सुनेला विचारलं.

"झाली."

"सांगितलं होतं तसं?"

"नाही, माई. एकाच टोपलीतलं जेवलो. ह्यांच्या हातचं खाल्लं मी." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण केलं त्यांनी. "ह्या उत्पलाच्या आई. आपल्या विहीणबाई."

माईंनी माझ्याकडे बघितलं नाही. चष्म्यातून सुनेकडेच बघत राहिल्या.

"वासंती, तू मला शब्द दिला होतास."

"हो," घैसासबाई म्हणाल्या. "मोडला."

दारात चपला काढून मी आत गेले. माईंच्या समोरच्या खुर्चीत नीट टेकून बसले, आणि तहान नव्हती तरी पाणी मागितलं. जरा मोठ्यानंच मागितलं.